उपाशी आणि अजीर्ण : नगरच्या छोट्या इंजिनांचा न लिहिलेला इतिहास

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला मी केडगावच्या पुढे एका मुरमाड माळावर हात चोळत उभा होतो. माझा भाचा गुडघे टेकून एका हातभर लांबीच्या गाडीशी खटपट करत होता. गाडीला खेळणे म्हणावे तर तिच्यात खरे इंजिन होते, साडेतीन सीसीचे. आणि खरी गाडी म्हणावी तर तिच्यात बसायला फक्त उंदरालाच जागा होती. हातातल्या रेडिओ-रिमोटवर चालणाऱ्या, खडकाळ जमिनीवर उड्या मारत पळणाऱ्या अशा गाड्यांच्या जगभर शर्यती होतात. त्यांच्या इंधनात नायट्रोमिथेन असते म्हणून त्यांना नुसते 'नायट्रो' म्हणतात. भाच्याने ही गाडी कुणाकडून तरी जुनी घेतली होती आणि शनिवारी दुपारभर खपून तिचे ट्यूनिंग केले होते.

इंजिन लागले. कानाला पीळ पडावा असा तो आवाज. पहिल्या फेरीत गाडीमागे निळसर धुराची रेघ होती, दुसरीत ती विरळ झाली, तिसरीत दिसेनाशी झाली. आवाज मात्र चढत गेला. "मामा, बघ, आत्तासारखी कधी पळाली नव्हती!" असे तो म्हणाला आणि त्याच क्षणी माळ एकदम शांत झाला. गाडी उचलून आणली तर डोक्यावरचे पाणी चर्रकन उडाले. इंजिन फिरेना.

मी व्यवसायाने शिक्षक, तेही भाषेचा. पण माझे बालपण माळीवाड्यात लूनाच्या धुरात गेले आणि असे जाम झालेले इंजिन मी पूर्वी पाहिले होते. त्यामुळे मी ते रुमालात गुंडाळून एका वृद्ध मिस्त्रींकडे नेले. वडिलांची लूना त्यांनी अठरा वर्षे सांभाळली होती. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत आणि दुकान मुलाने मोबाइलच्या सुट्या भागांचे केले आहे. नायट्रो हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी प्लग काढला, उजेडात धरला, पिस्टनवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उपाशी मेलं हे."

या लेखाचे मूळ त्या तीन शब्दांत आहे. नगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) हे छोट्या दोन-स्ट्रोक इंजिनांचे गाव होते. त्या उद्योगाचा इतिहास लिहिला गेला तो कारखानदारांचा, परवान्यांचा, भागीदाऱ्यांचा. ती इंजिने ज्यांनी रस्त्यावर तीस वर्षे जिवंत ठेवली, त्यांच्या विद्येची नोंद कुठेच नाही. ती विद्या कानाची, नाकाची आणि बोटांची होती. इंजिने गेली तशी तीही चालली आहे.

आधी ठाऊक असलेला इतिहास थोडक्यात सांगतो. नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या घरातून दोन उद्योजक निघाले. नवलमल फिरोदियांचे नाव ऑटोरिक्षा भारतात आणण्याच्या खटपटीशी जोडलेले आहे. १९५८ साली जर्मनीच्या टेंपो कंपनीशी करार होऊन बजाज टेंपो उभी राहिली आणि एका जर्मन कंपनीचे नाव मराठीत कोणत्याही मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले. आजही आपण 'टेंपो ठरवला' असेच म्हणतो, गाडी कुणाचीही असो. धाकटी पाती हस्तीमल फिरोदियांची. त्यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये नगरच्या कारखान्यातून लूना बाजारात आणली. मूळ नमुना इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या १९६७ सालच्या मोपेडचा होता. पन्नास सीसीचे इंजिन, गिअर नाहीत, अडले तर मारायला पेडल. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, एलआयसीचे एजंट, नोकरी करणाऱ्या बाया यांना सायकल आणि स्कूटर यांच्या मधली पायरी मिळाली. तिची ऐंशीच्या दशकातली जाहिरात अजून लोकांच्या ओठांवर आहे. ती आवृत्ती वाचकांना ठाऊक असल्याने इथे थांबतो.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती दुकानाबाहेरची फरशी. लूना घेऊन येणारा माणूस तक्रार सांगायचा ती अशी: मिसिंग मारते, पिकअप नाही, चढाला दम टाकते. मिस्त्री काही न बोलता आधी गाडी स्टँडवर घेऊन रेस वाढवत आणि डोळे मिटत. मग सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून हुंगत. तळव्यावर तेलाचे थेंब उडाले तर एक अर्थ, कोरडी ऊब लागली तर दुसरा. त्यानंतर प्लग. प्लगचे टोक काळे आणि ओले असेल तर त्यांच्या भाषेत 'अजीर्ण', म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर 'उपाशी', म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. विटकरी-तपकिरी असेल तर गाडीला हात लावायचा नाही, दोष दुसरीकडे शोधायचा: पॉइंटमध्ये, जेटमधल्या कचऱ्यात, नाहीतर काजळीने बुजलेल्या सायलेन्सरमध्ये. तो सायलेन्सर ते विस्तवावर लाल करून झटकत. अर्धे दुकान खोकत बाहेर पळे.

इथे दोन-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. चार-स्ट्रोक इंजिनात तेलाची सोय स्वतंत्र असते. दोन-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेले. पंपावर 'ऑइल किती?' असे विचारत, लिटरला वीस मिली किंवा त्याच्या आसपास, तो हाच हिशेब. म्हणजे पेट्रोल कमी पडले तर नुसती आग कमी पडत नाही, वंगणही कमी पडते आणि आतून थंडावा देणारे इंधनही आटते. उपाशी इंजिन एकाच वेळी तापते आणि कोरडे पडते. अजीर्ण झालेले इंजिन खोकते, धूर ओकते, प्लग बुजवते, पण मरत नाही. म्हणून मिस्त्रींचा नियम होता की चूक करायचीच तर अजीर्णाच्या बाजूने करावी. गिऱ्हाइकाला हे पटत नसे. कारण मिश्रण कमी करत नेले की गाडी आधी जास्तच छान पळते. मरणाच्या उंबरठ्यावर तिचा आवाज सर्वात गोड असतो. भाचा म्हणाला होता तेच.

ही विद्या हातातून हातात जाते, कागदातून नाही, याचे जागतिक उदाहरण मोटारसायकलच्या इतिहासात आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने पन्नासच्या दशकात सायलेन्सरच्या पोटाचा आकार असा बदलला की बाहेर निसटणारे ताजे मिश्रण दाबलहरीने पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलले जावे. शर्यतीच्या दोन-स्ट्रोक इंजिनांची ताकद त्याने कुठल्या कुठे गेली. १९६१ साली एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि ते ज्ञान जपानच्या सुझुकीला मिळाले. पुढच्याच वर्षी सुझुकीवर बसून तो जगज्जेता झाला, आणि तेही पन्नास सीसी गटात, आपल्या लूनाच्या मापात. एका माणसाच्या डोक्यातून आणि बोटांतून एवढे गेले. भाच्याच्या गाडीला जो फुगीर, मध्ये पोट आणि दोन्हीकडे निमुळता नळकांड्यासारखा सायलेन्सर आहे, तो काडेनच्या त्याच कल्पनेचा वंशज.

नायट्रो इंजिन लूनाच्या इंजिनाचे सख्खे भावंड आहे: तेच दोन स्ट्रोक, इंधनातच तेल, वेग वाढला की आपोआप पकडणारा तसाच क्लच. आकार मात्र चौदाव्या हिश्शाचा. असे असून ते मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेते आणि बनवणारे दोन-अडीच अश्वशक्तीचा दावा करतात. लूना सारा जन्म ओझे वाहून एवढीच ताकद मिळवत असे. फरक दोन ठिकाणी आहे, आणि तिथेच ट्यूनिंगची खरी गोम आहे.

पहिला फरक ठिणगीचा. नायट्रो इंजिनात ठिणगी पडतच नाही. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची तारेची गुंडाळी असते. सुरुवातीला बॅटरीने ती लाल करायची, मग बॅटरी काढून टाकायची. इंधनातला मेथनॉल प्लॅटिनमच्या सान्निध्यात ऑक्सिजनशी संयोग पावतो, त्या उष्णतेने तार लालच राहते आणि पुढचा प्रत्येक स्फोट तीच पेटवते. अमेरिकेच्या रे आर्डेन याने असे प्लग दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच बाजारात आणले आणि विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्यांची बॅटरी-कॉइलच्या वजनातून सुटका झाली. पण मग स्फोट नेमका कधी व्हावा हे ठरवायचे कुणी? लूनाला पॉइंट होते, मिस्त्री ते पत्र्याच्या पट्टीने मोजून बसवत. इथे तारेची उष्णता, दाब आणि मिश्रण मिळूनच ती वेळ ठरते. म्हणजे मिश्रणाची सुई फिरवली की नुसते इंधन बदलत नाही, स्फोटाची वेळही सरकते. एक स्क्रू, दोन कामे. त्यामुळे इथे चुकीला माफी कमी.

दुसरा फरक इंधनाच्या भुकेचा. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. इथेनॉलला नऊ किलो, मेथनॉलला साडेसहाच्या आत, नायट्रोमिथेनला जेमतेम पावणेदोन, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बांधलेला असतो. तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते, म्हणून ताकद. शर्यतीच्या गाड्यांत पाव हिस्सा किंवा त्याहूनही थोडे जास्त नायट्रो घालतात, दहा-बारा टक्के तेल आणि बाकी मेथनॉल. तेलात एरंडेलाचा अंश असतो. माळावर मला जो ओळखीचा वास आला तो लहानपणी नाक दाबून घेतलेल्या जुलाबाच्या औषधाचा होता. एरंडेल तापले तरी धातूला चिकटून राहते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनेही त्यावरच चालत.

आता भाच्याची चूक सांगता येईल. चूक त्याचीच होती, यंत्राची नव्हे. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. त्यामुळे गाडीच्या पुस्तकात दिलेले सुईचे माप इथे आधीच अजीर्णाकडे झुकते. शनिवारी दुपारी, तीस-एकतीस अंशांत, भाच्याने ती सुई आवळत आणून बरोबर जागी बसवली. रविवारी पहाटे पारा अकरावर होता. थंड हवा जड असते. या फरकाने ती सुमारे सात टक्के जड झाली. कार्बोरेटरमधून हवा वाढली, इंधन त्या प्रमाणात वाढले नाही. ताजेतवाने इंजिन पहिल्या दोन फेऱ्यांत वेड्यासारखे पळाले, कारण ते उपाशी होते. धूर नाहीसा झाला तेव्हाच थांबायला हवे होते.

मिस्त्रींना हा हिशेब सांगितला तेव्हा ते हसले. "थंडीत गाडीला थोडं जास्तीचं लागतं, माणसाला लागतं तसंच. याला कशाला आकडे?" आकडे लागतात, असे माझे मत आहे, आणि यावर आमचे एकमत झालेले नाही. पण त्यांना ते आकड्यांशिवाय ठाऊक होते, हेही खरे.

पुढचे तीन-चार रविवार त्यांना आम्ही नव्या पिस्टन-स्लीव्हसह माळावर नेले. नायट्रोवाले सुई घड्याळाच्या काट्यासारखी मोजतात: पूर्ण फेऱ्याचा बारावा हिस्सा म्हणजे 'एक तास'. मिस्त्रींनी ही भाषा दहा मिनिटांत उचलली. मंद चालत्या इंजिनाची इंधन-नळी दोन बोटांत चिमटायची आणि ऐकायचे, ही चाचणी त्यांना फार आवडली. इंजिन लगेच मेले तर खालच्या वेगाचे मिश्रण उपाशी, लांबवर रेंगाळले तर अजीर्ण, दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून विझले तर ठीक. डोक्यावर थुंकी टाकून ती कशी उडते हे पाहणे तर ते लूनावर पूर्वीपासून करत. भाच्याकडे उष्णता मोजणारे बंदुकीसारखे यंत्र आहे, ते शंभर ते एकशेवीस अंशांत असावे असे दाखवते. मिस्त्री थुंकी टाकून आकडा सांगत आणि भाचा यंत्राने पडताळत. दहात सात वेळा ते पाच-सात अंशांच्या आत होते. उरलेल्या तीन वेळा मात्र साफ चुकले, विशेषतः वारा असला की.

इंधनाची गोष्ट अजून बाकी आहे. भाच्याला कुणीतरी सुचवले की आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने एवढे, डिस्टिलऱ्या एवढ्या, मग अल्कोहोल बाहेरून कशाला? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभारला तेव्हापासून इथे मळी आहे आणि मळीमागोमाग स्पिरिट. पण ते इथेनॉल. ग्लो प्लगची तार तापती ठेवायला मेथनॉलच लागते, आणि मेथनॉल हे विष आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला दारूतून मेथनॉल गेले आणि शंभरावर माणसे दगावली. त्याच्या खरेदी-विक्रीवर परवान्याचे बंधन आहे आणि ते असलेच पाहिजे. भाचा तयार इंधनाचा सीलबंद डबा परवानाधारक विक्रेत्याकडून आणतो, हातमोजे घालतो आणि डब्यावर लाल अक्षरांत लिहून तो कुलपात ठेवतो. मी घरी पहिली अट तीच घातली होती.

मळीतले इथेनॉल मात्र दुसऱ्या वाटेने इंजिनात शिरले. पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये जिथे झाले त्यांत आपल्या शेजारचे मनमाड आणि मिरज होते. आता हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे. नव्या गाड्यांचा संगणक मिश्रण आपोआप सावरतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला जेट तेच, आणि इंधनातच ऑक्सिजन आल्याने ती थोडी उपाशी पडते. नगरमध्ये अजून रडतखडत चालणाऱ्या काही लूना आहेत. त्यांचे मालक 'हल्ली पेट्रोलात दम नाही' म्हणतात, ते अगदीच खोटे नाही.

रेडिओवर चालणारे यान आणि छोटे इंजिन यांची गाठ नगरात आणखी एका जागी पडली आहे, पण तारेच्या कुंपणाआड. इथल्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेने, म्हणजे व्हीआरडीईने, बंगळूरच्या संस्थांबरोबर लष्कराच्या 'निशांत' या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानासाठी देशी वांकेल इंजिन घडवले. पंचावन्न अश्वशक्तीचे ते फिरत्या पिस्टनचे इंजिन २००९ मध्ये आकाशात गेले. त्या कामाचे अहवाल आहेत, चाचण्यांचे आलेख आहेत, मानपत्रे आहेत. कुंपणापासून काही किलोमीटरवर फरशीवर बसलेल्या माणसाकडे यातले काही नव्हते. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: हवा किती, इंधन किती, उष्णता कुठे जाते?

दोन-स्ट्रोकचा शेवट झाला तो योग्यच झाला, असे मला वाटते. ताज्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच बाहेर जातो, तेलाचा धूर होतो. २००० सालच्या आणि नंतरच्या प्रदूषण-नियमांपुढे हे टिकणारे नव्हते. मोपेड मागे पडल्या, २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. लूनाचे सुटे भाग आधी दुकानातून आणि मग भंगारातूनही दिसेनासे झाले. मिस्त्रींनी शेवटची लूना कधी उघडली ते त्यांना आठवत नाही. नायट्रोवरही तीच पाळी आहे. स्फोटके बनवण्यात नायट्रोमिथेनचा गैरवापर होतो म्हणून युरोपीय संघाने २०२१ पासून सामान्य माणसाला सोळा टक्क्यांहून अधिक नायट्रो असलेले इंधन विकण्यावर बंधन घातले. तिथल्या शर्यतवाल्यांना सगळ्या सुया नव्याने लावाव्या लागल्या. शिवाय बिनआवाजाच्या बॅटरी-गाड्या आता नायट्रोला सहज गाठतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना परत आली, विजेवर. तिचा मुख्य सांगाडा नगरमध्येच कायनेटिक इंजिनिअरिंगमध्ये बनतो. मी मिस्त्रींना एक दाखवायला नेली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, सीटवर हात फिरवला, किल्ली फिरवायला लावली आणि कान दिला. मग माझ्याकडे पाहून विचारले, "चालू आहे?"

मे महिन्यात पुन्हा माळावर गेलो. चाळीस अंशांत मुरूम तव्यासारखा भाजत होता. भाच्याने वहीत डिसेंबरपासूनच्या नोंदी ठेवल्या आहेत: तारीख, तापमान, सुई किती फेरे किती तास, प्लगचा रंग. शेवटच्या रकान्याचे नाव आहे 'मिस्त्री'. त्यात त्यांचा शब्द तसाच्या तसा लिहायचा. त्या दिवशीच्या ओळीत आधी 'अजीर्ण' लिहिले होते. मिस्त्रींनी डोक्यावर टॉवेल घेऊन आवाज ऐकला, बोटाने दोनदा खूण केली, भाच्याने सुई दोन तास आवळली, आणि धुराची रेघ बारीक झाली, पण तुटली नाही.